ध्रुव अनेक, स्वर किती? : मॅकब्राइड अहवालाचे पुनर्वाचन

१० मे २०२५ च्या संध्याकाळी भारत आणि पाकिस्तान यांच्यातील लष्करी कारवाई थांबल्याची बातमी आली. ती प्रथम दिल्लीहून आली नाही, इस्लामाबादहूनही आली नाही. ती आली अमेरिकेच्या अध्यक्षांनी 'ट्रुथ सोशल' या समाजमाध्यमावर टाकलेल्या चार ओळींतून. आणि त्या माध्यमाच्या कंपनीत सर्वांत मोठा वाटा त्याच अध्यक्षांचा आहे. आपल्या परराष्ट्र सचिवांचे निवेदन त्यानंतर झाले. त्याच्या दोन रात्री आधी आपल्याकडच्या अनेक वृत्तवाहिन्यांनी कराची बंदर उद्ध्वस्त झाल्याचे जाहीर करून टाकले होते. सकाळी बंदर जागेवर होते. त्याच आठवड्यात सरकारने आठ हजारांहून अधिक खाती भारतात बंद करण्यास सांगितल्याचे 'एक्स' कंपनीने कळवले. त्यांत अफवा पसरवणारी किती आणि नको ते विचारणारी किती, हे वाचकाला कळण्याची सोय नव्हती.

या घटनांची चर्चा आपल्याकडे वेगवेगळ्या सदरांत झाली. पहिली परराष्ट्र धोरणाच्या, दुसरी माध्यमांच्या अधःपतनाच्या आणि तिसरी, झालीच असेल तर, अभिव्यक्तिस्वातंत्र्याच्या. मला मात्र त्या तिन्ही घटनांच्या मुळाशी एकच जुना प्रश्न दिसतो. आपल्याविषयीची बातमी कोणाच्या तारेवरून, कोणाच्या परवानगीने आणि कोणाच्या तोंडून आपल्याकडे येते? या प्रश्नावर पंचेचाळीस वर्षांपूर्वी युनेस्कोने एक जाडजूड अहवाल काढला होता. 'मेनी व्हॉइसेस, वन वर्ल्ड', म्हणजे स्वर अनेक, जग एक, असे त्याचे नाव. अध्यक्ष शॉन मॅकब्राइड यांच्यावरून तो ओळखला जातो. पत्रकारितेच्या अभ्यासक्रमात आजही त्याला एक परिच्छेद असतो, परीक्षेत चार गुणांची टीप येते आणि विषय संपतो. मूळ अहवाल कोणी वाचत नाही.

मी तो पुन्हा वाचला. त्याचे निदान आजही इतके अचूक आहे की काही ठिकाणी केवळ यंत्रांची नावे बदलली तर पाने कालची वाटावीत. पण त्याच्या विचारात एक खोट आहे, आणि सध्या बहुध्रुवीय जगाचे जे स्वागत चालले आहे त्यात तीच खोट पुन्हा अवतरली आहे. म्हणून हा लेख.

अहवालामागचे गाऱ्हाणे समजण्यासाठी थोडे मागे जावे लागते. १८७० साली सुएझ आणि एडनमार्गे समुद्राखालून मुंबईपर्यंत तार आली. त्याच वर्षी लंडनची रॉयटर्स, पॅरिसची हावास आणि बर्लिनची वोल्फ या तीन वृत्तसंस्थांनी करार करून जग आपसांत वाटून घेतले. ब्रिटिश साम्राज्य आणि पूर्वेचा मोठा भाग रॉयटर्सच्या वाट्याला गेला. आफ्रिकेची वाटणी करणारी बर्लिन परिषद भरली १८८४ मध्ये. बातमीची वाटणी तिच्या चौदा वर्षे आधी उरकली होती. मुलूख ताब्यात यायच्या आधी त्याचे वर्णन कोण करणार हे ठरले होते, हा क्रम मला महत्त्वाचा वाटतो.

या वाटणीत अमेरिका हलक्या बाजूला होती, हे आज कोणाला खरे वाटणार नाही. असोसिएटेड प्रेसचे प्रमुख केंट कूपर यांनी १९४२ मध्ये 'बॅरिअर्स डाउन' हे पुस्तक लिहिले. त्यात त्यांची तक्रार अशी की रॉयटर्समुळे जगाला अमेरिका कळते ती रेड इंडियनांचे हल्ले, दक्षिणेतली झुंडबळी अशा प्रकारांतूनच, देशाचे बाकी काही कळतच नाही. पुढे चाळीस वर्षांनी नेमके हेच आफ्रिकेतले मंत्री अमेरिकी वृत्तसंस्थांविषयी बोलू लागले, की आमचे दुष्काळ आणि बंडे तेवढी तुम्हांला दिसतात. तेव्हा ते गाऱ्हाणे वृत्तपत्रस्वातंत्र्यावरचा हल्ला ठरले. माहितीच्या मुक्त प्रवाहाचा सिद्धान्त अमेरिकेने पुढे आणला, त्यात तत्त्वनिष्ठा नव्हतीच असे मी म्हणणार नाही. पण प्रवाह नेहमी उंचावरून सखलाकडे वाहतो आणि उंचावर कोण बसले आहे, यावर तो सिद्धान्त मौन पाळतो. ताकाला जाऊन भांडे लपवण्याचाच तो प्रकार.

मराठीचाही या इतिहासात एक धागा आहे. १९४२ साली बीबीसीच्या पूर्व विभागातून मराठीसह काही भारतीय भाषांत साप्ताहिक बातमीपत्रे जाऊ लागली. त्यांचा मूळ इंग्रजी मजकूर लिहिणाऱ्यांत जॉर्ज ऑर्वेल होता. लंडनमध्ये तो लिहिणार, युद्धकाळचा सेन्सॉर तपासणार, मराठी माणूस भाषांतर करून वाचणार आणि पुण्या-मुंबईत ज्याच्याकडे रेडिओ असेल तो ऐकणार. त्याच वर्षी ऑगस्टमध्ये ज्या शहरांत धरपकड चालली होती, तिथे महायुद्धाचा अर्थ लंडनहून शुद्ध मराठीत सांगितला जात होता. ऑर्वेल प्रामाणिक माणूस होता आणि पुढच्याच वर्षी त्याने ती नोकरी सोडली. पण मुद्दा व्यक्तीच्या प्रामाणिकपणाचा नाही. ऐकणाऱ्याची भाषा आणि सांगणाऱ्याची सत्ता या दोन गोष्टी किती सहज वेगळ्या करता येतात, ते त्या बातमीपत्रांत दिसते. मराठीत बोलणारा प्रत्येक स्वर मराठी नसतो.

स्वातंत्र्यानंतर प्रेस ट्रस्ट ऑफ इंडिया १९४९ मध्ये काम करू लागली. सुरुवातीला तिची रॉयटर्सशी भागीदारी होती, ती १९५३ मध्ये संपली. घर आपले झाले, तरी अंगणापलीकडचे जग पाहायला खिडकी परकीच राहिली. नव्याने स्वतंत्र झालेल्या बहुतेक देशांची हीच स्थिती होती. १९७४ च्या मे महिन्यात संयुक्त राष्ट्रांच्या आमसभेने नव्या आंतरराष्ट्रीय अर्थव्यवस्थेचा ठराव केला. कच्च्या मालाला भाव, तंत्रज्ञान, कर्जाच्या अटी असे त्याचे विषय होते. तेव्हा अलिप्त राष्ट्रांच्या लक्षात आले की ही मागणी ज्यांच्या विरुद्ध आहे, त्यांच्याच वृत्तसंस्था ती जगाला समजावून सांगणार आहेत. ट्युनिशियाचे मुस्तफा मस्मुदी यांनी हा दुवा फार नेटकेपणाने मांडला. अर्थव्यवस्थेचा आणि माहितीव्यवस्थेचा प्रश्न एकच आहे, हा त्या पिढीचा खरा शोध. आजच्या आपल्या चर्चांत तो दिसत नाही. ३० जुलै २०२५ रोजी भारतीय मालावरचे पंचवीस टक्के आयातशुल्कही त्याच 'ट्रुथ सोशल'वरून जाहीर झाले. इचलकरंजीच्या कापडाचा आणि सुरतेच्या हिऱ्यांचा हिशेब एका माणसाच्या खासगी भिंतीवर लिहिला जातो, ही माध्यमांची बातमी आहे की व्यापाराची, हे ठरवायला आपल्या वृत्तपत्रांत पान नाही.

मॅकब्राइड आयोग १९७७ च्या अखेरीस कामाला लागला. सोळा सदस्य होते आणि निवड मोठी रंगतदार होती. खुद्द मॅकब्राइड तरुणपणी आयरिश रिपब्लिकन आर्मीचे सेनानी, पुढे आयर्लंडचे परराष्ट्रमंत्री. नोबेल शांतता पुरस्कार आणि लेनिन शांतता पुरस्कार हे दोन्ही मिळालेला माणूस. 'ल मोंद'चे संस्थापक ह्युबर्ट बव्ह-मेरी, इंडोनेशियात तुरुंगवास भोगलेले संपादक मोख्तार लुबिस, सोव्हिएत 'तास'चे सर्गेई लोसेव्ह, अमेरिकेचे एली अबेल आणि कोलंबियाचे गाब्रिएल गार्सिया मार्केस. एकच स्त्री होती, कॅनडाच्या बेटी झिमरमन. त्याही मार्शल मॅक्लुहान आजारी पडले म्हणून आल्या. भारतातर्फे बी. जी. व्हर्गीस.

व्हर्गीस यांच्या नावापाशी मला थांबावेसे वाटते, कारण अहवालाची सारी शोकांतिका त्यांच्या आजूबाजूला घडते. ते 'हिंदुस्थान टाइम्स'चे संपादक होते आणि १९७५ मध्ये, आणीबाणीच्या काळात, त्यांना त्या पदावरून दूर करण्यात आले. १९७६ च्या फेब्रुवारीत पीटीआय, यूएनआय, हिंदुस्थान समाचार आणि समाचार भारती या चार संस्था मोडून 'समाचार' ही एकच संस्था बनवण्यात आली. वृत्तपत्रांवर पूर्वतपासणी होती. आणि त्याच वर्षी जुलैमध्ये अलिप्त राष्ट्रांच्या माहितीमंत्र्यांची परिषद भरली कुठे? नवी दिल्लीत. पाश्चात्त्य वृत्तसंस्थांच्या मक्तेदारीपासून विकसनशील जगाची सुटका करण्यासाठी वृत्तसंस्थांचा 'पूल' तिथे आकाराला आला. यजमान देशातल्या संपादकांना त्या परिषदेवर प्रतिकूल ओळ लिहिणे शक्य नव्हते.

हे निव्वळ ढोंग होते, असे म्हणून पाश्चात्त्य टीकाकार मोकळे झाले. मला ते इतके सोपे वाटत नाही. गाऱ्हाणे खरे होते. गाऱ्हाणे मांडणारे तोंड खोटे होते. एकाच खोलीत दोन्ही गोष्टी खऱ्या असतात तेव्हा विचार करणाऱ्याची पंचाईत होते. व्हर्गीस या पंचाइतीत सापडलेले गृहस्थ होते. जनता सरकारच्या काळात ते मॅकब्राइड आयोगावर जात होते, आणि त्याच काळात आकाशवाणी-दूरदर्शनच्या स्वायत्ततेसाठी नेमलेल्या गटाचेही अध्यक्ष होते. १९७८ च्या त्या अहवालात त्यांनी 'आकाश भारती' या स्वायत्त न्यासाची कल्पना मांडली. म्हणजे पॅरिसच्या बैठकीत परकी मक्तेदारी आणि दिल्लीत घरची मक्तेदारी, दोन्हींशी एकाच वेळी झुंज. मला विचाराल तर मॅकब्राइड अहवाल आणि आकाश भारतीचा अहवाल हे एकाच ग्रंथाचे दोन खंड आहेत. ते वेगवेगळ्या कपाटांत ठेवले गेले, हे दुर्दैव.

आता अहवालातली खोट. वाचताना मी पेन्सिलीने एक खूण करत गेलो, ती वाक्यांच्या कर्त्यावर. कोण बोलते, कोणाला बोलू दिले जात नाही, कोणी पावले उचलावीत? बहुतेक ठिकाणी कर्ता आहे देश. विकसनशील देशांनी हे करावे, विकसित देशांनी ते द्यावे. अहवालात लोकशाहीकरणाची चर्चा आहे, स्त्रियांची आहे, सेन्सॉरशिपचा निषेध आहे. पत्रकारांना परवाने देण्याची कल्पना आयोगाने स्वीकारली नाही, कारण परवाना देणारा तो काढूनही घेऊ शकतो. हे श्रेय त्याला द्यायलाच हवे. पण ८२ शिफारशींपैकी बहुतांश शिफारशी शेवटी सरकारांच्या दारात जाऊन थांबतात. अहवालाच्या नावातले अनेक स्वर मोजले गेले ते राष्ट्रध्वज मोजावेत तसे. देशाच्या आत किती स्वर आहेत, हा हिशेब मुख्य मांडणीत येत नाही, तो उपदेशात येतो. 'पूल'चे पुढे जे झाले ते याच चुकीचे फळ. सरकारी वृत्तसंस्थांनी एकमेकींना मंत्र्यांचे दौरे, उद्घाटने आणि संयुक्त निवेदने पाठवली, आणि त्या बातम्या ज्या देशासाठी होत्या तिथल्या संपादकांनीही छापल्या नाहीत. वाचकाला कंटाळा आला की व्यवस्था मरते, मग ती कितीही न्याय्य असो.

गार्सिया मार्केस आणि चिलीचे हुआन सोमाविया यांनी अहवालाला एक जोडटिपण दिले आहे. अहवालातले सर्वांत जिवंत पान ते. त्यांचा आक्षेप असा की अहवाल तंत्रज्ञानाच्या उपायांवर फार भाळला आहे. पैसा आणि प्रशिक्षण ओतून हा प्रश्न सुटणार नाही, कारण तो मुळात राजकीय आहे. उपग्रह सर्वांना मिळाला तरी बोलण्याचा हक्क सर्वांना मिळेल असे नाही, हे एका कादंबरीकाराला अभियंत्यांच्या आधी कळले होते.

पुढची हकीकत थोडक्यात. १९८० च्या बेलग्रेड परिषदेत अहवाल आला. अमेरिकी वृत्तपत्रांनी त्या परिषदेला दिलेल्या प्रसिद्धीची कात्रणे ए. एच. रॅस्किन यांनी तिथल्या नॅशनल न्यूज कौन्सिलसाठी तपासली, तेव्हा बहुसंख्य अग्रलेख विरोधी आणि परिषदेतल्या साक्षरतेसारख्या कामाची दखल जवळजवळ शून्य, असे चित्र निघाले. बातमीच्या असमतोलाची चर्चा असमतोल पद्धतीने छापली गेली. १९८४ च्या अखेरीस अमेरिका युनेस्कोतून बाहेर पडली, वर्षभराने ब्रिटन. त्यानंतर अमेरिका परतली, पुन्हा गेली, २०२३ मध्ये पुन्हा आली आणि २०२५ च्या जुलैत तिने पुन्हा जाण्याची घोषणा केली. सासर-माहेरच्या या फेऱ्यांकडे आता कोणी वळूनही पाहत नाही.

१९९१ नंतर सरकारी मक्तेदारी मोडली, पण ती मोडून जे आले ते आयोगाने कल्पनेत आणले नव्हते. वृत्तसंस्था बातमी विकत असे. समाजमाध्यमे बातमी तयार करत नाहीत, विकतही नाहीत, ती रस्त्याचे मालक असतात. कॅनडाने २०२३ मध्ये कायदा केला की बातम्यांच्या दुव्यांबद्दल या कंपन्यांनी वृत्तपत्रांना मोबदला द्यावा. मेटा कंपनीने पैसे देण्याऐवजी फेसबुक-इन्स्टाग्रामवरून कॅनडात बातम्याच काढून टाकल्या. त्याच ऑगस्टमध्ये वणव्यामुळे उत्तरेकडचे यलोनाइफ शहर रिकामे करावे लागले. सुमारे वीस हजार माणसे वाटेवर, आणि कोणता रस्ता खुला आहे ही स्थानिक वृत्तपत्राची बातमी फेसबुकवर एकमेकांना पाठवता येत नव्हती. रॉयटर्सने कधी एखाद्या देशाची बातमी अशी बंद केली नव्हती. धंद्याच्या दृष्टीने ते तिला परवडलेही नसते.

म्हणजे सरकारांनी या कंपन्यांना वेसण घालावी हे उघड आहे, असे वाटते. मग नेपाळकडे पाहावे.

४ सप्टेंबर २०२५ रोजी नेपाळ सरकारने फेसबुक, यूट्यूब, व्हॉट्सॲप, एक्स यांसह २६ समाजमाध्यमे बंद केली. कारण सांगितले गेले ते अगदी मॅकब्राइडच्या परंपरेतले होते: या परदेशी कंपन्यांनी देशात नोंदणी करावी, जबाबदार माणूस नेमावा, कायद्याला उत्तर द्यावे. नोंदणीची मागणी स्वतःमध्ये चूक म्हणता येत नाही. तिथल्या सर्वोच्च न्यायालयाचाही त्या दिशेने आदेश होता. पण त्या वेळी त्याच माध्यमांवर राजकारण्यांच्या मुलांच्या चैनीची छायाचित्रे फिरत होती, आणि सार्वभौमत्वाचा मुहूर्त नेमका तेव्हाच कसा लागला हे तरुणांना कोणी समजावून सांगावे लागले नाही. ज्या देशाच्या उत्पन्नाचा सुमारे चौथा हिस्सा परदेशी राबणाऱ्या माणसांच्या पैशावर येतो, तिथे व्हॉट्सॲप बंद करणे म्हणजे घराघरातला संवाद तोडणे. ८ सप्टेंबरला विद्यार्थी रस्त्यावर आले, गोळीबारात एकाच दिवसात एकोणीस जण मेले. त्या रात्री बंदी उठली, दुसऱ्या दिवशी पंतप्रधान ओली गेले, सिंहदरबार जळला. आणि त्याच दिवशी जमावाने 'कांतिपूर' या मोठ्या माध्यमसमूहाची इमारतही पेटवली.

हा शेवटचा तपशील आपल्याकडे चटकन विसरला गेला. बोलण्याच्या हक्कासाठी उठलेल्या लाटेत वृत्तपत्राची कचेरी जळावी, हा योगायोग आहे का? मला तसे वाटत नाही. सरकार, कंपनी आणि प्रस्थापित वृत्तपत्र या तिघांपैकी कोणीच आपले नाही, असे त्या तरुणांना वाटत होते. पुढच्या दोन-तीन दिवसांत अंतरिम पंतप्रधान कोण व्हावे याची चर्चा त्यांनी 'डिस्कॉर्ड' या, मुळात खेळाडूंच्या गप्पांसाठी बनलेल्या, अमेरिकी मंचावर केली, आणि तिथे पुढे आलेले सुशीला कार्की यांचे नाव १२ सप्टेंबरला प्रत्यक्षात उतरले. मॅकब्राइड आयोगातल्या कोणालाही हे दृश्य समजावून सांगणे कठीण गेले असते. मार्केसना कदाचित समजले असते.

गाझाचे उदाहरण याहून दुखरे आहे. ऑक्टोबर २०२३ पासून परदेशी पत्रकारांना तिथे स्वतंत्रपणे जाऊ दिलेले नाही. जगाने ते युद्ध पाहिले स्थानिक पॅलेस्टिनी पत्रकारांच्या डोळ्यांनी, त्यांच्या फोनवरून. आणि पत्रकारांच्या संरक्षणासाठी काम करणाऱ्या न्यूयॉर्कच्या समितीने १९९२ पासून नोंद ठेवायला सुरुवात केल्यापासून कोणत्याही संघर्षात इतके पत्रकार मारले गेल्याचे आढळलेले नाही. ज्यांच्या पाठीशी धड राज्यच नाही त्यांचा स्वर जगभर गेला. आयोगाच्या हिशेबात अशा स्वराला रकानाच नव्हता. त्याच वेळी तो स्वर ज्या मंचांवरून गेला त्यांची चावी कॅलिफोर्नियात होती, हेही विसरता येत नाही.

आता बहुध्रुवीय जगाविषयी. गेल्या वीस वर्षांत प्रत्येक ध्रुवाने आपापला कर्णा उभारला. रशियाची आरटी आणि लॅटिन अमेरिकेतली तेलेसूर २००५ मध्ये, फ्रान्स २४ पुढच्या वर्षी, इराणची प्रेस टीव्ही २००७ मध्ये, तुर्कस्तानची टीआरटी वर्ल्ड २०१५ मध्ये, चीनची सीजीटीएन २०१६ च्या अखेरीस नव्या नावाने. कतारची अल जझीरा त्या सगळ्यांच्या आधीची, आणि पत्रकारितेच्या दृष्टीने सर्वांत कर्तबगार. त्या वाहिनीवर कैरोची आंदोलने दिसली, दिल्लीतली दिसतात. दोहाच्या राजघराण्याची चिकित्सा मात्र शोधावी लागते. आपला तो बाब्या, दुसऱ्याचे ते कार्टे, हा या सर्व वाहिन्यांचा समान संपादकीय नियम. पाश्चात्त्य मक्तेदारी सैल झाली हे चांगलेच झाले. दूरनियंत्रक हातात असेल तर आज माझ्यासारखा माणूस एका घटनेच्या पाच आवृत्त्या पाहू शकतो. पण यांतली प्रत्येक आवृत्ती दुसऱ्याच्या घरातले सत्य सांगते. २०२२ च्या मार्चमध्ये रशियाने फेसबुक बंद केले आणि युरोपीय संघाने आरटी बंद केली; दोघांनीही आपल्या नागरिकांच्या रक्षणाचेच कारण दिले. दोन्ही कृती सारख्या आहेत असे मी मानत नाही, कारण मॉस्कोत युद्धाला युद्ध म्हणणाऱ्याला तुरुंगवास होतो आणि ब्रुसेल्समध्ये होत नाही. पण युक्तिवादाची भाषा एक झाली, हे पाहण्यासारखे आहे. आणि २०२५ च्या मार्चमध्ये अमेरिकेच्या अध्यक्षांनी १९४२ पासून चालत आलेल्या व्हॉइस ऑफ अमेरिकाच्या जवळजवळ सर्व कर्मचाऱ्यांना एका आदेशाने घरी बसवले. मुक्त प्रवाहाच्या सिद्धान्ताचे पुढे काय झाले, याचे याहून स्पष्ट उत्तर मॅकब्राइडलाही मिळाले नसते.

आपल्या बाजूनेही बोलले पाहिजे. ग्लोबल साऊथचा आवाज होण्याची भाषा दिल्लीत आज पुन्हा ऐकू येते, आणि तिच्यात तथ्य आहे. पण ३ मे २०२३ पासून मणिपूरमध्ये इंटरनेट बंद होते. ४ मे रोजी दोन स्त्रियांवर झालेल्या अत्याचाराची चित्रफीत देशाने पाहिली १९ जुलैला. अडीच महिने ती घटना आपल्याच देशात परदेशी होती. तिथे कोणती पाश्चात्त्य वृत्तसंस्था आड आली होती?

या कोंडीतून जाणारी एक वाट आपल्याच न्यायव्यवस्थेने दाखवली होती. ९ फेब्रुवारी १९९५ रोजी सर्वोच्च न्यायालयाने क्रिकेट सामन्यांच्या प्रक्षेपणावरून निघालेल्या खटल्यात निकाल दिला की ध्वनिलहरी ही सार्वजनिक मालमत्ता आहे. प्रमुख निकालपत्र न्यायमूर्ती पी. बी. सावंत यांचे होते. सहमतीच्या वेगळ्या निकालपत्रात न्यायमूर्ती जीवन रेड्डी यांनी सरकारी मक्तेदारीइतकाच खासगी मक्तेदारीचा धोका बजावला. मालक सरकार नाही, कंपनी नाही, जनता आहे. तिच्या वतीने स्वायत्त संस्थेने विश्वस्त म्हणून काम पाहावे. मॅकब्राइड अहवालाला जो कर्ता सापडला नाही तो इथे सापडतो. आपल्याकडे प्रसार भारतीचा कायदा १९९० मध्ये झाला, अमलात यायला १९९७ उजाडले, आणि तिजोरीची किल्ली मंत्रालयाच्याच कनवटीला राहिली. निकाल ध्वनिलहरींविषयी होता. वर्सोव्याच्या किनाऱ्यावर लागणाऱ्या केबल्स आणि त्यांवरून धावणारे मंच सार्वजनिक आहेत का, हा खटला अजून कोणी उभा केलेला नाही.

मराठीतला जगाचा आवाज हा वेगळ्या लेखाचा विषय आहे. 'महाराष्ट्र टाइम्स'मधून गोविंद तळवलकर परराष्ट्रकारणावर लिहीत तेव्हा त्यांच्यापाशी परदेशी वार्ताहरांचा ताफा नव्हता. त्यांच्यापाशी ग्रंथ होते, लंडन-न्यूयॉर्कची नियतकालिके होती आणि वाचकाला जगात बसवण्याची जिद्द होती. त्यांची खिडकीही पश्चिमेकडेच उघडत होती, अशी टीका करता येईल. पण खिडकी कुठली आहे ते ते लपवत नसत. आज परदेशी घडामोडींच्या पानावर 'वृत्तसंस्था' एवढाच शब्द असतो. ती वृत्तसंस्था कोणती, मूळ मजकूर कोणाचा, उपसंपादकाने भाषांतर केले की यंत्राने, वाचकाला काही कळत नाही. २०१७ पासून बीबीसी मराठीत आहे आणि तिचे काम पुष्कळ वेळा चांगले असते. तरीही मराठीत जग सांगण्याची व्यवस्था लंडनहून यावी लागली, याची खंत आपल्या वृत्तपत्रसृष्टीत फारशी ऐकू आली नाही.

नेपाळ पेटले त्या आठवड्यात मी नेहमी वाचतो ती चार मराठी दैनिके नीट चाळली. सिंहदरबाराच्या ज्वाळांचे छायाचित्र चारही ठिकाणी एकच होते आणि मजकूरही थोड्याफार फरकाने एकच, दिल्लीमार्गे आलेला. रत्नागिरी-देवगडच्या पट्ट्यात आंब्याच्या बागांची राखण नेपाळी माणसे करतात, काही तर वर्षभर बागेतच खोपटे करून राहतात, हे कोकणात कोणाला सांगावे लागत नाही. ४ ते ८ सप्टेंबर या दिवसांत घरी बोलायचे त्यांचे साधन बंद होते. त्या दिवसांत त्यांनी गावाकडची खबर कशी मिळवली, बंदीविषयी त्यांचे मत काय होते, गोळीबारात त्यांच्या ओळखीचे कोणी होते का, हे विचारायला कोणी गेल्याचे त्या अंकांत दिसले नाही. त्या दैनिकांपैकी तिघांची रत्नागिरीत कचेरी आहे.